खुशालीची पत्रं

उमरखेडच्या पोस्टातून निघणाऱ्या काही पत्रांवर गावाचं नाव नसलेला पत्ता असतो. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘द्वारा ५६ एपीओ’. पुढे त्यात ९ या आकड्यानं सुरू होणारा पिन कोड आला, तरी मुलगा लेहला आहे की राजौरीला, हे पत्त्यावरून कळायची सोय नव्हती. पलटण पूर्वेकडे हलली की ५६ च्या जागी ९९ येई आणि लेकरू कोणत्या दिशेला आहे याचा तेवढाच सुगावा घरच्यांना लागे. तरीही पत्र पोचायचं. गावच्या डब्यातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मग रेल्वेनं दिल्ली किंवा कोलकात्याच्या सेना डाक केंद्रात, तिथून पलटणीजवळच्या फील्ड पोस्ट ऑफिसात आणि शेवटच्या टप्प्यात रेशनच्या गाडीतून, खेचराच्या पाठीवरून किंवा हेलिकॉप्टरनं. ही डाक वाहणारी आर्मी पोस्टल सर्व्हिस १ मार्च १९७२ रोजी लष्करात स्वतंत्र कोअर म्हणून उभी राहिली. तिचं प्रशिक्षण केंद्र आपल्या विदर्भात, कामठीला आहे, हे नागपूरला शंभरदा जाऊन आलेल्या माणसालाही बहुधा ठाऊक नसतं.

या संग्रहात अशा पत्त्यांवर गेलेली आणि अशा पत्त्यांवरून आलेली पत्रं आहेत. ती उमरखेड शहरातली आहेत, ढाणकी, विडूळ, मुळावा, पोफाळीकडची आहेत आणि पैनगंगेच्या काठानं अभयारण्यात शिरणाऱ्या बंदी भागातल्या तांड्यांमधली आहेत. हा तालुका लष्करी परंपरेसाठी ओळखला जात नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. तिथं दोन महिने पत्र आलं नाही तर शेजारची म्हातारी सुनेला सांगू शकते की पलटण हलली असेल, घाबरू नको. तिनं ते आधी नवऱ्याच्या आणि मग मुलाच्या वेळी भोगलेलं असतं. आमच्याकडे एका गावात एखाददुसरा जवान. त्याच्या घराला असं सांगणारं कुणी नसतं. एपीओ म्हणजे काय, फील्ड एरिया म्हणजे काय, पत्र उघडलेलं का असतं, हे सगळं त्या घराला एकट्यानं शिकावं लागतं. म्हणून या पत्रांमध्ये भाबडे प्रश्न फार आहेत आणि ते मला या संग्रहाचं मोठं धन वाटतं. ज्या गावांना फौज पाठ आहे त्यांच्या पत्रांत हे प्रश्न सापडणार नाहीत.

भरती झालेला मुलगा कामठीला गार्ड्समध्ये, सागरला महार रेजिमेंटमध्ये, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत, खडकीला सॅपर्समध्ये किंवा नाशिकला तोफखान्यात जातो. उमरखेडला रेल्वे नाही. सुट्टी संपली की एसटीनं नांदेड, तिथून उत्तरेची गाडी. गेल्या काही दशकांत ती बहुतेक सचखंड एक्सप्रेस असते, कारण ती दिल्ली, अंबाला, जालंधर करत थेट अमृतसर गाठते. हदगावच्या रस्त्यावर एसटी पैनगंगेच्या पुलावर आली की विदर्भ संपतो. निरोप द्यायला आलेली माणसं आपल्या स्टँडवरच थांबलेली असतात, आणि तिथून पुढचा सगळा संबंध कागदावर चालायचा.

या कागदाची गोष्ट आपल्या राज्यात जुनी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं तपासायला इंग्रजांनी बुलोन्य इथं कचेरी उघडली. १९१५ च्या सुरुवातीला तिथून आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं जात होती. एवढी सगळी वाचणं अशक्यच, म्हणून तपासनीस निवडक पत्रांतले उतारे इंग्रजीत उतरवून वरिष्ठांना अहवाल पाठवत. ते अहवाल लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतून निवडून काढलेलं पुस्तक १९९९ मध्ये आलं. शीख, पठाण, गढवाली, राजपूत यांच्याबरोबर त्यात मराठेही बोलतात, पण इंग्रजीत बोलतात. आपल्या खेड्यात पोचलेल्या मूळ कागदाचं काय झालं असेल ते सांगायला नको. पाऊस, वाळवी, वाटण्या, पडकी घरं. शिपायावर शंका घेणाऱ्या सरकारनं त्याचं बोलणं जपलं, आणि ज्या घरासाठी तो बोलला त्या घरात ते उरलं नाही. ही बोच नसती तर हा संग्रह करायची निकड मला एवढी वाटली नसती.

पुढे मेसोपोटेमियात तर कागदही थांबला. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला कूत-अल-अमाराला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला अन्नावाचून शरणागती पत्करावी लागली. वेढ्यातल्या सेनापतीचे संदेश बिनतारी यंत्रानं बाहेर जात होते. शिपायाच्या घरी काय जात होतं? नंतर तुर्कांच्या कैदेत गेलेल्यांपैकी कितीतरी जण वाळवंटातल्या वाटचालीत आणि छावण्यांमध्ये मेले. त्यांच्या घरी किती हिवाळे वाट पाहिली गेली असेल, याची नोंद कुठल्याही दफ्तरात नाही.

नक्की बातमी न येण्याचं दुःख वेगळं असतं, आणि मराठी माणसाला त्याचा मोठा अनुभव आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही. १७८३ मध्ये मरेपर्यंत त्या सवाष्ण म्हणून राहिल्या. खात्रीची खबर नव्हती म्हणूनच भाऊंचा तोतया उभा राहू शकला आणि पुण्याच्या दरबाराला त्यानं कित्येक वर्षं छळलं. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात युद्धकैद्याच्या पत्रांसाठी स्वतंत्र कलमं घालावी लागली ती याचसाठी. छावणीत पोचल्यापासून एका आठवड्यात त्याला घरी कार्ड धाडू द्यायचं, आणि पुढे महिन्याला किमान दोन पत्रं व चार कार्डं. दोन ओळींचं ते कार्ड आलं की घरातली बाई निदान कुंकू लावावं की नाही या प्रश्नातून सुटते.

आता या पत्रांतल्या मजकुराकडे. वाचकाला आधीच सांगून ठेवतो, इथं लढाईची वर्णनं जवळजवळ नाहीत. जवानाला ठिकाण, हालचाल, संख्या लिहायला मनाई असते, पण खरं कारण तेवढंच नाही. त्याला लिहायचंच नसतं. जून १९९९ मधलं एक पत्र पाहा. कारगिलची लढाई पेटलेली, घरातल्या माणसांनी टीव्हीवर तोफा पाहिलेल्या, आणि पोरगा विचारतो, मृग बरसला का, पऱ्हाटी कोणत्या वावरात लावली, बियाण्याला पैसे कमी पडले असतील तर मामाकडून घ्या, मी पाठवतो. स्वतःबद्दल एकच वाक्य आहे: इकडे थंडी आहे पण सामान भरपूर मिळालं, काळजी नसावी. उलट दिशेनंही तसंच. घरून जाणाऱ्या पत्रात बैल मेल्याचं नसतं, बापाच्या छातीत दुखल्याचं नसतं, सुनेचं सासूशी वाजल्याचं तर नाहीच नाही. ‘इकडील सर्व क्षेमकुशल’ या ओळीखाली दोन्ही बाजूंनी आपापलं ओझं झाकून ठेवलेलं असतं, आणि दोन्ही बाजूंना ते माहीत असतं. सुट्टीवर आल्यावर गोठ्यातली रिकामी दावण बघून जवान काही बोलत नाही. त्याच्या खांद्यावरची खूण बघून आई काही विचारत नाही. मला ही फसवणूक वाटत नाही. एकमेकांना उभं ठेवण्यासाठी दोघांनी मिळून पाळलेला हा करार आहे, आणि ही पत्रं त्या दृष्टीनं वाचली नाहीत तर ती कंटाळवाणी वाटतील: पाऊस, पीक, तब्येत, नमस्कार, आशीर्वाद, बस.

झाकणं शक्य नसे ते एकाच विषयात, जमिनीच्या. मुलगा सीमेवर आहे हे पाहून शेजारी धुरा सरकवतो, चुलते सातबाऱ्यावर नाव चढवतात, कुणी कोर्टात दावा लावतो. अशा पत्रांचा सूर एकदम बदलतो. त्यांत गट नंबर येतात, तलाठ्याचं नाव येतं, तारखा येतात. मुलाचं उत्तरही तातडीचं असतं. तो पलटणीतल्या सीओ साहेबांकडे अर्ज देतो आणि साहेब थेट आपल्या जिल्ह्याच्या कलेक्टरला पत्र लिहितात. फौजेत ही रीत चांगली रुळलेली आहे. कायद्याचाही आधार आहे: १९२५ च्या भारतीय सैनिक (दावे) कायद्यानुसार युद्धकाळात किंवा विशेष परिस्थितीत सेवेत असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत चाललेला दिवाणी दावा स्थगित ठेवता येतो. शंभर वर्षं जुना हा कायदा तालुक्यातल्या किती जवानांच्या घरी माहीत असेल? या पत्रांवरून तरी वाटत नाही. रात्री बर्फात पहारा देणाऱ्या माणसाच्या डोक्यात बांधाचं भांडण घोळत असणं, ही युद्धाची कुठल्याच इतिहासात न येणारी बाजू आहे, आणि ती इथं ठळक उमटली आहे.

यानंतर मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. या पत्रांपैकी जुनी बहुतेक पत्रं दोन माणसांमधली नाहीतच. आई-बाप निरक्षर, बायको दुसरी-तिसरी शिकलेली. पत्र लिहायला शाळेतले गुरुजी, पोस्टमन किंवा दहावीतला पुतण्या. आलेलं पत्र वाचायलाही तोच, ओसरीवर, चार माणसांत. म्हणजे नवऱ्यानं बायकोला लिहायचं ते सासऱ्याच्या कानावरून जाणार, आणि बायकोनं सांगायचं ते गुरुजींच्या हातून उतरणार. त्यात ती काय सांगेल? ‘तुमची फार आठवण येते’ हे गुरुजींसमोर म्हणायचं कसं? मग ती सांगते, धाकटा आता चालायला लागला, दारावरची वेल मोठी झाली, तुम्ही लावलेला लिंबू फुलला. जवानालाही बायकोला वेगळं पत्र लिहायची चोरी. तो आईच्या पत्रात शेवटी ‘सौ. हिला आशीर्वाद’ एवढंच टाकतो. एका पत्रात मात्र शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीनं काढलेलं छोटं झुंबराचं कानातलं आहे, शेजारी एकही अक्षर नाही. पत्र वाचणाऱ्यानं ते ओलांडलं असेल. जिला कळायचं तिला ते कळलं असणार. पुढच्या पत्राच्या उलट्या बाजूला, मजकूर संपल्यावर, तसंच कानातलं अनघड हातानं काढलेलं आहे.

तांड्यांवर हा अडसर दुहेरी होता. आई गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत सांगते, लिहिणारा मराठीत उतरवतो, आणि तिकडे मुलगा दिवसभर पलटणीच्या हिंदीत बोलतो. आईच्या बोलीला पत्रात जागाच नव्हती. काही पत्रांत लिहिणाऱ्यानं मधेच एखादा गोरमाटी शब्द तसाच ठेवला आहे, कारण त्याला त्याचं मराठी सुचलं नाही किंवा त्या माउलीनं बदलू दिलं नाही. अशा जागा आम्ही जशाच्या तशा छापल्या आहेत.

पत्राखेरीज दुसऱ्या वाटाही होत्या. मनीऑर्डर ही सगळ्यांत बोलकी. पैसे आले म्हणजे मुलगा पगार घेतोय, म्हणजे तो आहे. फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी दोन बोटं जागा असे, तीही कुणी वाया घालवत नसे. विविध भारतीवर ‘जयमाला’ लागली की घरं रेडिओभोवती बसायची. फर्माईश करणाऱ्या फौजी भावांच्या नावांत आपलं नाव येईल ही आशा. १९७१ च्या डिसेंबरात तर बातम्यांसाठी अख्खी आळी एका ट्रान्झिस्टरपाशी असे आणि वावरातली कापसाची वेचणी खोळंबत असे. तारेची मात्र धास्ती. तार आली म्हणजे वाचण्याआधीच रडारड, म्हणून शहाणा पोस्टमन लांबूनच ओरडायचा, चांगली तार आहे! ‘सुट्टी मंजूर, येतो’ एवढीच ती असायची. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा शहरांत हळहळ व्यक्त झाली. जवानांच्या घरांत ती कितपत झाली असेल, याची मला शंका आहे. आणि मरणाची बातमी नेणारं, कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड. ते घरून सीमेकडे जायचं. उंबऱ्याआत न्यायचं नाही, वाचून फाडून टाकायचं, ही घरची रीत जवान तंबूच्या दारातही पाळत असे. त्यामुळे अशी कार्डं या संग्रहात नाहीत.

एक गोष्ट मात्र संग्रह जुळवताना हळूहळू ध्यानात आली, आणि ती लिहिताना हात जड होतो. सीमेवरून घरी आलेली पत्रं पुष्कळ मिळाली. ती ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, गादीखाली राहिली. घरून सीमेवर गेलेली पत्रं फार थोडी. जवानाला ती ठेवायला जागा कुठे? किट मोजकं, पलटण हलती, हुकूम आला की तासाभरात निघायचं. तो पत्र चारदा वाचतो आणि बहुधा जाळून टाकतो. मग घरची जी थोडी पत्रं आमच्या हाती आली ती कुठून आली? त्यांतली बरीचशी परत आलेली आहेत. जवान कामी आला की त्याचं खासगी सामान मोजून, यादी करून वारसांकडे धाडायचं असतं. त्यासाठी १९५० चा स्वतंत्र कायदा आहे. कारगिलपूर्वीच्या युद्धांमध्ये अंत्यसंस्कार सहसा तिकडेच व्हायचे आणि घरी यायची ती पेटी. गणवेश, घड्याळ, पाकिटातला फोटो, आणि एका दोऱ्यानं बांधलेली आईची, बायकोची, बहिणीची पत्रं. म्हणजे उमरखेडच्या बायांनी काय लिहिलं, हे आपल्याला कळतं ते त्यांचा माणूस परतला नाही म्हणून. ज्यांचा सुखरूप आला त्यांचे शब्द गेले. वाचकानं दुसऱ्या भागातली ही घरची पत्रं हातात घेताना हे जाणून घ्यावं. तिथं ‘लिंबू फुलला’ असं वाचाल तेव्हा ते कुठून फिरून आलं आहे याचा विसर पडू नये.

फोननं हे सगळं बदललं. आधी एसटीडी बूथ: रविवारी तालुक्याला जायचं, बूथवाल्याच्या बाकावर बसायचं आणि फोन यायची वाट बघायची. मग उंचावरच्या चौक्यांसाठी उपग्रह फोन. २०१७ च्या दिवाळीत त्याचा दर मिनिटाला ५ रुपयांवरून १ रुपयावर आला आणि एका मिनिटात गुंडाळायचं बोलणं पाच मिनिटं चालू लागलं. आता बहुतेक ठिकाणी व्हिडिओ कॉल. आई पोराच्या चेहऱ्यावरची दाढी बघते, तो जेवणाच्या ताटातलं वरण बघतो. पण रोजची सवय लागली की एका दिवसाचं गप्प राहणंही जीवघेणं होतं. पत्राच्या काळात पंधरा दिवस काही आलं नाही तर डाक उशिरा म्हणत. आज सकाळी टाकलेल्या मेसेजला दुपारपर्यंत दोन निळ्या खुणा नाहीत म्हणून बायको जेवत नाही. मे २०२५ मध्ये सीमेवर चकमकी पेटल्या तेव्हा ही तगमग काय असते ते जवानांच्या घरांनी पुन्हा अनुभवलं. टीव्हीवर चोवीस तास स्फोट आणि फोन बंद. फोनवर बंधनं तर त्याआधीच आली होती. जुलै २०२० मध्ये लष्करानं जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली, फेसबुक आणि इन्स्टाग्राम त्यांतच. कारण उघड आहे: पाठीमागचा डोंगर दिसणारा एक फोटोसुद्धा पलटणीचं ठिकाण सांगून जातो. ते बंधन योग्यच आहे, असं माझं मत आहे, आणि बुलोन्यच्या तपासनिसाच्या पंगतीत त्याला बसवू नये. तिथं शिपायाच्या मनावर पहारा होता, इथं त्याच्या जिवाची काळजी आहे.

फोनचा इतिहास उरत नाही, अशी तक्रार अलीकडे सगळेच करतात. पण या तालुक्यापुरतं बोलायचं तर फोननं एक फार मोठं काम केलं: मधला माणूस काढला. गुरुजी गेले, पुतण्या गेला, ओसरीवरचे चौघे गेले. तांड्यावरची आई पहिल्यांदाच आपल्या मुलाशी सरळ गोरमाटीत बोलू लागली. बायको माडीवर जाऊन हवं ते बोलू लागली. ते आपल्याला ऐकता आलं नाही, छापता आलं नाही, याचं मला दुःख नाही. ज्यांना ते सांगायचं होतं त्यांना ते मिळालं.

संपादनाबद्दल थोडं. नावं, गावं, पलटणी आणि क्रमांक काढले आहेत, काही कुटुंबांनी मागितलं म्हणून आणि काही आम्हाला योग्य वाटलं म्हणून. शुद्धलेखन सुधारलेलं नाही. ‘तब्बेत’ तब्बेतच आहे आणि ‘वावर’ वावरच. पत्रं वर्षांनुसार न लावता शेतीच्या हंगामानुसार लावली आहेत, कारण लिहिणारे स्वतः तसेच मोजत होते: पेरणीला आलं, पोळ्याला आलं, वेचणीच्या वेळी आलं नाही. जमिनीच्या तंट्याची पत्रं वेगळी काढून शेवटी ठेवली आहेत. ती वकिलांनी आणि तहसील कचेरीतल्या मंडळींनी जरूर वाचावीत.

अजून बरंच बाहेर आहे. ज्यांच्या घरी अशी पत्रं असतील त्यांनी मूळ कागद घरीच ठेवावा, आम्हाला त्याची प्रत पुरे. लॅमिनेशन मात्र करू नका. उष्णतेनं शाई आणि कागद दोन्ही बिघडतात आणि प्लास्टिक पुन्हा सोडवता येत नाही. सुती कापडात किंवा जाड कागदाच्या पाकिटात, घडी न घालता ठेवा. आणि आज नोकरीवर असलेल्या मुलांना एक विनंती: आईचे व्हॉइस मेसेज फोन भरला म्हणून पुसू नका. सुट्टीवर आलात की ते एखाद्या कार्डावर उतरवून घ्या आणि पाकिटावर तारीख लिहा. आम्हाला देऊ नका हवं तर.